पाटी कोणाची यापेक्षा तारखेला उभे कोण राहणार

पत्राचा सारांश (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून) : सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माहेरी राहणाऱ्या, छत्तीस वर्षांच्या एका भगिनींचे हे पत्र आहे. लग्नाला अकरा वर्षे झाली आहेत आणि पती पुण्यात माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करतात. मारहाण नव्हती, पण घरात सतत अबोला असे, पैशांचा हिशेब रोज द्यावा लागे आणि सासूबाईंच्या शब्दाबाहेर काही घडत नसे. चौदा महिन्यांपूर्वी त्या मुलगी (आता नऊ वर्षांची) आणि मुलगा (आता चार वर्षांचा) यांना घेऊन माहेरी आल्या. मुलगी आता तिथल्या शाळेत चौथीत आहे आणि स्वतः त्या एका पतसंस्थेत बेताच्या पगारावर काम करतात. गेल्या महिन्यात पतीच्या वतीने पुण्यातील एका मोठ्या फर्मची अकरा पानी इंग्रजी नोटीस आली. पंधरा दिवसांत मुलांसह परत या, अन्यथा घटस्फोट आणि मुलांचा ताबा यांसाठी न्यायालयात जाऊ, असा तिचा आशय आहे. तेव्हापासून घरात तीन मते आहेत. भावाला पुण्यातलीच तोडीस तोड फर्म हवी आहे आणि खर्च तो करणार आहे. मावसबहिणीने पुणे, सातारा आणि कोल्हापूर अशा तिन्ही ठिकाणी कार्यालये असलेली, फक्त घटस्फोट आणि मुलांची प्रकरणे घेणारी एक फर्म सुचवली आहे. वडिलांचा विश्वास मात्र घरच्या जमिनीचा दावा वर्षानुवर्षे चालवणाऱ्या गावातल्या वकीलसाहेबांवर आहे. ते लग्नालाही हजर होते आणि ‘दोन्ही घरांना बसवून मिटवून टाकू’ असे म्हणतात. पत्रलेखिका विचारतात : ‘गावातला वकील पुण्याच्या फर्मपुढे टिकेल का? मुले माझ्याकडेच राहतील याची खात्री देणारा वकील कसा शोधू? त्यासाठी दागिने मोडावे का?’ शेवटी ताजा कलम आहे : ‘नोटीस आल्यापासून भावाच्या सांगण्यावरून मुलांचे त्यांच्या बाबांशी होणारे रविवारचे फोन बंद केले आहेत. हे बरोबरच केले ना?’

उत्तर :

नोटीस अकरा पानांची आणि इंग्रजीत आहे हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचे समन्स नव्हे. समोरच्या पक्षकाराने आपले म्हणणे वकिलाच्या लेटरहेडवर लिहवून घेतलेले ते पत्र असते. त्यातील पंधरा दिवसांची मुदत त्या वकिलांनी घातलेली आहे, कायद्याने नव्हे. ती उलटली म्हणून कोणी मुले घेऊन जाऊ शकत नाही आणि तुमचा एकही हक्क बुडत नाही. तरीही उत्तर अवश्य द्यावे, कारण पुढे न्यायाधीशांसमोर कागद वाचले जातील तेव्हा त्या आरोपांवर तुम्ही त्याच सुमारास काय म्हटले होते हे दिसलेले बरे. ते उत्तर दीड पानाचे, मराठीत आणि शांत स्वरातले असले तरी पुरते. महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठीच आहे, आणि अकरा पानांना बारा पानांनी उत्तर देण्याचा खर्च शेवटी दोन्ही बाजूंनी त्याच एका संसाराच्या शिलकीतून होत असतो.

पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला एक वाक्य सापडले नाही. तुम्हाला घटस्फोट हवा आहे की नको, हे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही. भावाला काय वाटते, वडिलांना काय वाटते आणि पतीच्या वकिलांनी काय लिहिले, हे सारे सविस्तर आहे. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम करताना मी अशी किती तरी जोडपी पाहिली, जी आपापल्या वकिलांच्या निवडीत इतकी गुंतली होती की नक्की काय मागायचे आहे हे त्यांना तिसऱ्या-चौथ्या तारखेला उमगले. तुमच्यासमोर निदान चार वाटा आहेत. काही अटी स्पष्ट करून, शक्य तर वेगळे घर करून, संसार पुन्हा सुरू करण्याची एक. विवाह न मोडता स्वतंत्र राहण्याची, म्हणजे न्यायिक विभक्ततेची दुसरी. परस्पर संमतीने घटस्फोट ही तिसरी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि चौदा महिन्यांमुळे ती अट तुमच्या बाबतीत पूर्ण झालेली आहे. त्यातील सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणांत माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. चौथी वाट लढतीची. या चारांपैकी प्रत्येकीला लागणारा वकील वेगळ्या स्वभावाचा असतो. म्हणून ज्या वकिलाकडे जाल, त्याने पहिल्या अर्ध्या तासात ‘ताई, तुम्हाला स्वतःला काय हवे आहे?’ असे विचारले की नाही, हे मी त्याच्या कार्यालयाच्या आकारापेक्षा महत्त्वाचे मानीन.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते. ‘पुण्याच्या फर्मपुढे गावचा वकील टिकेल का’ या प्रश्नात प्रकरण पुण्यात चालणार हे तुम्ही गृहीत धरलेले आहे, आणि नेमके तेच अजून ठरायचे आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न जिथे लागले, समोरचा पक्ष जिथे राहतो किंवा पतिपत्नी शेवटचे एकत्र जिथे राहिले, तिथे अर्ज करता येतो. शिवाय अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या जिथे राहते तिथेही, ही तरतूद २००३ साली मुद्दाम स्त्रियांच्या सोयीसाठी जोडली गेली. याचा अर्थ असा की तुमचे पती पुण्यात अर्ज करू शकतात, कारण तुमचे शेवटचे एकत्र घर तिथे होते; आणि तुम्ही तो तुमच्या जिल्ह्यात करू शकता. मुलांचा ताबा १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली स्वतंत्रपणे मागायचा असेल तर तो मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते त्या जागेच्या न्यायालयात मागावा लागतो, आणि तुमच्या मुलांची शाळा, डॉक्टर आणि मित्र गेले चौदा महिने तुमच्या गावात आहेत. मात्र घटस्फोटाच्या अर्जातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याची मागणी जोडता येते, त्यामुळे पुण्यातला अर्ज मुलांचा विषयही तिकडे ओढू शकतो. दोघांनी दोन ठिकाणी घटस्फोटाचे किंवा न्यायिक विभक्ततेचे अर्ज केले, तर त्याच कायद्याच्या कलम २१-अ नुसार नंतरचा अर्ज सहसा आधीच्या न्यायालयाकडे वर्ग होतो. लहान मुलांसह प्रवास आणि अपुरे उत्पन्न ही कारणे देऊन पुण्यातले प्रकरण आपल्या जिल्ह्यात वर्ग करण्याची विनंती उच्च न्यायालयाला करता येते, आणि अशा अर्जांत पत्नीच्या गैरसोयीला बऱ्यापैकी वजन मिळते. पण तोही एक अर्ज, एक खर्च आणि काही महिने असतात.

एवढे सांगण्याचे कारण असे की वकील निवडण्याआधी न्यायालय कुठले हे ठरणे अधिक उपयोगाचे असते. पुण्यात प्रकरण चालले तर ते शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात असेल. तिथे समुपदेशक असतात, मुलांच्या भेटीची व्यवस्था असते, आणि १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम १३ असे सांगते की वकिलामार्फत उभे राहणे हा तिथे पक्षकाराचा हक्क नाही. प्रत्यक्षात परवानगी मिळते आणि वकील असतातच, पण समुपदेशकाच्या खोलीत सहसा तुम्ही आणि तुमचे पती एवढेच असता, आणि तिथे लेटरहेडवरच्या वीस नावांचा काहीच उपयोग होत नाही. ज्या भागात कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे हेच काम वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जमिनीच्या आणि वसुलीच्या दाव्यांच्या रांगेत चालते. तिथे आपले प्रकरण फलकावर कितव्या क्रमांकाला आहे, समन्स बजावून परत आले का, आज साहेब पुरावा घेतील का, या गोष्टी रोज त्या आवारात वावरणाऱ्यालाच कळतात. पुण्याहून गाडी करून आलेले नामांकित वकील अकरा वाजता पोहोचतात, प्रकरण साडेचारला पुकारले जाते आणि तारीख पडते. त्या दिवसाची फी तुमच्या नावावर लागते.

तीन पर्यायांपैकी वडिलांचा पर्याय मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण तो नाकारला तर घरात वाईटपणा येतो. वकीलसाहेबांच्या सचोटीबद्दल मला शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांनी जे काम देऊ केले आहे ते वकिलाचे नाही, मध्यस्थाचे आहे. दोन्ही घरांना ओळखणारा, लग्नात अक्षता टाकलेला माणूस बैठक घेऊ शकतो, आणि कधी कधी अशा बैठकीतून खरोखर मार्ग निघतो. मात्र बैठक फिसकटली तर त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी तुमच्या बाजूने वकीलपत्र दाखल करावे हे दोन्ही भूमिकांवर अन्याय करणारे आहे. बैठकीत तुमचे पती जे मोकळेपणाने बोलतील ते पुढे उलटतपासणीत वापरले जाणार असेल, तर ते मोकळेपणाने बोलणारच नाहीत. शिवाय लहान गावात आणखी एक अडचण असते जी कोणी उघड बोलत नाही. अबोला, पैशांचा जाच, शेजघरातल्या गोष्टी हे सारे वडिलांच्या मित्रासमोर तुम्ही सांगू शकाल का? सांगू शकणार नसाल तर तुमचा अर्ज अर्धवट लिहिला जाईल, आणि अर्जात जे नाही त्याचा पुरावा पुढे सहजी देता येत नाही. वडिलांना एवढेच सांगा की वकीलकाकांनी मध्यस्थ म्हणून एक प्रयत्न जरूर करावा आणि वकील म्हणून आपण दुसऱ्या कोणाकडे जाऊ. त्यात त्यांचा मान राहतो.

भावाच्या पर्यायामागे प्रेम आहे आणि थोडी ईर्षाही आहे. मोठी फर्म जिथे खरोखर उपयोगी पडते अशा काही जागा आहेत, आणि तुमच्या प्रकरणात अशी एक जागा मला दिसते : पतीचे उत्पन्न. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत मूळ पगाराबरोबर बोनस, कंपनीचे शेअर आणि भविष्य निर्वाह निधी असे बरेच काही असते आणि ते नुसत्या पगारपत्रकात दिसत नाही. शिवाय पुण्यातल्या फ्लॅटच्या कर्जावर तुमचेही नाव आहे, म्हणजे पतीने हप्ते थांबवले तर बँक तुमच्याही मागे लागेल. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनीश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे ठरावीक नमुन्यातील शपथपत्र द्यावे असे बंधनकारक केले आहे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही म्हटले आहे. ते शपथपत्र कसे वाचायचे आणि त्यातली गाळलेली जागा कशी ओळखायची, हे शहरातल्या अनुभवी वकिलांना चांगले जमते. पण त्यासाठी संपूर्ण प्रकरण त्यांच्या हाती द्यावे लागत नाही. एका बैठकीची फी देऊन लेखी मत घेता येते आणि काम तुमच्या जिल्ह्यातल्या वकिलाकडे ठेवता येते. हा मार्ग फारसे कोणी सुचवत नाही, कारण त्यात कोणाचाच मोठा फायदा नसतो.

मावसबहिणीने सांगितलेली, तीन गावांत कार्यालये असलेली फर्म हा कागदावर सर्वांत योग्य पर्याय दिसतो. पुण्यात प्रकरण उभे राहिले तर तिथे माणूस आहे, साताऱ्यात आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे काम सुरू झाल्यामुळे सातारा जिल्ह्यातील अपिलांसाठी मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही, हेही त्यांच्या बाजूने आहे. मात्र आपल्याकडच्या बहुतेक प्रादेशिक फर्म म्हणजे एक ज्येष्ठ वकील, दोन-तीन ज्युनिअर आणि इतर गावांत ओळखीच्या वकिलाच्या दारावर लावलेली पाटी अशा असतात. त्यात गैर काही नाही, पण तुम्ही ज्येष्ठांशी बोलून निर्णय घेता आणि तारखेला वकिलीची सनद घेऊन वर्षच झालेला एक मुलगा फाइल हातात घेऊन उभा राहतो, असे घडू शकते. म्हणून तिथे जाऊन थेट विचारा की वकीलपत्रावर कोणाकोणाची नावे असतील, अंतरिम पोटगीचा युक्तिवाद कोण करेल, उलटतपासणी कोण घेईल, आणि ज्येष्ठ येणार नसतील तर ते मला आदल्या दिवशी कळेल का. या प्रश्नांचा राग येणाऱ्या माणसाबरोबर तुम्हाला दोन-तीन वर्षे काढायची आहेत, हेही त्याच वेळी लक्षात घ्या. उत्तरे सरळ मिळाली तर माझा कौल याच पर्यायाकडे झुकेल.

गोव्यात विवाह नोंदलेल्या वाचकांसाठी इथेच एक वेगळी सूचना करते. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा लागू आहे आणि वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या कितीही नावाजलेल्या वकिलापेक्षा मडगाव किंवा पणजीचा, तो कायदा रोज हाताळणारा वकील त्यांच्या अधिक कामाचा.

मुले तुमच्याकडेच राहतील याची खात्री देणारा वकील कसा शोधू, असे तुम्ही विचारता. जो अशी खात्री देईल त्याच्याकडून निरोप घेऊन उठा, एवढेच मी म्हणेन. ताब्याच्या प्रश्नात न्यायालय आईचा किंवा वडिलांचा हक्क मोजत नाही, मुलाचे हित पाहते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम १३ मध्ये तसे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच बजावले आहे. हे हित मुलांच्या शाळेच्या वहीत, लसीकरणाच्या कार्डात, मुलाला रात्री कोण झोपवते यात आणि मुलीच्या वर्गशिक्षिकेच्या दोन वाक्यांत दिसते. वकील ते मांडू शकतो, पण निर्माण करू शकत नाही. पतीचा पगार तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे याची तुम्हाला धास्ती वाटते, पण ज्याची कमाई जास्त त्याच्याकडे मुले असा नियम नाही. कमाईतली तफावत भरून काढण्यासाठीच पोटगी असते. ‘मुलगा पाच वर्षांचा झाला की बाप त्याला घेऊन जाणार’ असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे, तेही खरे नाही. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असे कायदा म्हणतो. पाचव्या वाढदिवसाला ताबा आपोआप बदलतो असे तो कुठेही म्हणत नाही. मात्र याची दुसरी बाजूही ऐका. आई आहे म्हणून मुले तिचीच, हे गृहीतकही न्यायालयात टिकत नाही, आणि मुलांना दुसऱ्या पालकापासून तोडणाऱ्या पालकाबद्दल न्यायाधीशांचे मत लवकर बिघडते.

मुलीचे मत न्यायालय विचारू शकते. पुरेशी समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेता येते आणि नऊ वर्षांच्या मुलीशी न्यायाधीश आपल्या दालनात, कोणी नातेवाईक नसताना बोलू शकतात. तिला त्यासाठी तयार करू नका. पढवलेले मूल दुसऱ्या वाक्यालाच ओळखू येते, हे मी अनुभवाने सांगते, आणि पढवल्याची सल त्या मुलाच्या मनात प्रकरण संपल्यावरही राहते.

एक इशारा, विशेषतः पहिल्याच भेटीत चार-पाच केसेसचा गुच्छ सुचवणाऱ्या वकिलांबाबत. घटस्फोट, पोटगी, कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्ज आणि सासरच्यांविरुद्ध फौजदारी तक्रार हे सारे एकदम टाकले की समोरचा नमतो, असा एक समज रूढ आहे. हिंसा झाली असेल किंवा तिची भीती असेल तर एक दिवसही न थांबता तक्रार करावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पैशांची कोंडी करणे हाही छळच मानला आहे, त्यामुळे तुमच्या पत्रातील काही गोष्टी त्यात बसू शकतात आणि त्याबद्दल वकिलाशी जरूर बोला. पण जे घडले नाही ते दबावासाठी लिहिले, तर समेटाचा आणि परस्पर संमतीचा दरवाजा लगेच बंद होतो, आणि चार न्यायालयांतल्या चार तारखांना पतसंस्थेतून रजा तुम्हालाच काढावी लागते.

पैशांबाबत आता थोडे रोखठोक. दागिने आज मोडू नका. घटस्फोटाचा किंवा न्यायिक विभक्ततेचा अर्ज, मग तो कोणीही केलेला असो, दाखल झाला की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली प्रकरण चालू असेपर्यंतचा निर्वाह आणि न्यायालयीन खर्च पतीकडून मागता येतो, आणि तो अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात साठाचे किती होतात ते न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसलेल्या कोणालाही विचारा, पण मागणी पहिल्या दिवशीच करून ठेवावी. फी ठरवताना ती एकरकमी आहे की प्रत्येक तारखेची, टंकलेखन, नोटरी आणि प्रवास त्यात धरला आहे का, उच्च न्यायालयात जावे लागले तर वेगळी किती, हे एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा. पोटगीच्या रकमेतला हिस्सा फी म्हणून मागणारा वकील बार कौन्सिलच्या नियमांचा भंग करत असतो, कारण निकालावर अवलंबून असलेली फी आपल्याकडे निषिद्ध आहे. तसेच ‘मुलांचा ताबा शंभर टक्के’ अशा जाहिराती करण्यासही वकिलांना मनाई आहे. वकील बदलावासा वाटला तर बदलता येतो, आणि फी बाकी आहे म्हणून जुना वकील तुमची कागदपत्रे अडवून ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. एक मर्यादा मात्र माहीत असावी : मे २०२४ मधील निकालानंतर वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते, पण त्यातून हरवलेली दोन वर्षे परत येत नाहीत, म्हणून निवडीच्या वेळीच चार प्रश्न जास्त विचारलेले बरे.

चौथा पर्याय तुमच्या घरात कोणी बोललेच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची कोणतीही अट न घालता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समिती तुमच्या गावच्या न्यायालयाच्याच आवारात असेल, जिल्हा प्राधिकरण साताऱ्याला आहे, आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. मोफत मिळते ते कच्चे असते अशी आपली धारणा असते आणि ती कधी कधी खरीही ठरते; पण खटला दाखल होण्यापूर्वीची मध्यस्थी हे या प्राधिकरणाचे काम मला विशेष उपयोगाचे वाटते. तिथे तुमचे पती आणि तुम्ही एका तटस्थ, प्रशिक्षित माणसासमोर बसता आणि कोणीही कोणाच्या लग्नात अक्षता टाकलेल्या नसतात.

माझ्या मते क्रम असा असावा. या आठवड्यात प्राधिकरणाकडे जाऊन मध्यस्थीबद्दल विचारा. त्याच आठवड्यात त्या प्रादेशिक फर्मच्या सातारा कार्यालयात एक बैठक घ्या, आणि शक्य असेल तर जिल्हा न्यायालयात प्रामुख्याने कौटुंबिक प्रकरणे चालवणाऱ्या आणखी एका वकिलाशी बोला. भाऊ बरोबर येऊ दे, पण पहिला अर्धा तास त्याने बाहेरच्या बाकावर बसावे. फी तो देत असला तरी पक्षकार तुम्ही आहात, आणि वकिलाला सूचना देण्याचा अधिकार तुमचा आहे, हे त्यालाही आणि वकिलालाही पहिल्याच दिवशी कळलेले चांगले. जाताना विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे प्रवेशपत्र, कर्जाची कागदपत्रे, तुमचा पगार आणि मुलांवरचा दरमहाचा खर्च लिहिलेला कागद आणि तारीखवार टिपण बरोबर न्या. ते टिपण रागात लिहू नका. काय, कधी आणि कोणासमोर घडले एवढेच त्यात असावे. अर्ज दाखल झाल्यावर प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि कामकाजाची नोंद तुम्हाला स्वतःला दिसते, आणि ‘तारीख कळलीच नाही’ असे म्हणण्याची वेळ येत नाही.

ताज्या कलमातला प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी, दोन ओळींत विचारला आहे, पण माझ्या लेखी पत्रातला सर्वांत तातडीचा प्रश्न तोच आहे. फोन बंद करणे बरोबर नव्हते. तुमच्या पतीच्या वकिलांना आज तुमच्याविरुद्ध सांगण्यासारखे फारसे काही नाही; बंद केलेला फोन मात्र त्यांच्या अर्जातला पहिला परिच्छेद होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका प्रकरणात असे म्हटले आहे की ताबा एका पालकाकडे असला तरी मुलाला दुसऱ्याशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता आले पाहिजे. पण न्यायालय बाजूला ठेवले, तरी चार वर्षांच्या मुलाला ‘नोटीस’ हा शब्द कळत नाही. दर रविवारी फोनवर येणारे बाबा एकाएकी यायचे थांबले, एवढेच त्याला कळते. वकील नेमण्याची वाट न पाहता पतींना आजच एक साधा संदेश पाठवा : ‘मुलांचे रविवारचे फोन मी काही दिवस थांबवले होते. येत्या रविवारपासून संध्याकाळी सहा वाजता ते पुन्हा सुरू होतील. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना भेटायचे असेल तर तारखा सुचवा.’ तो संदेश जपून ठेवा. भावाला वाईट वाटेल, त्याला हे उत्तर वाचायला द्या. आणि रविवारी सहा वाजता फोन मुलीच्या हातात देऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.